एक्केचाळीस

सावरटोलीत थुंकी मागायला गेले
तर सगळं गाव लाजलं.
ज्या गावानं समाजमंदिराची भिंत, टाकीचे खांब,
एस.टी. थांब्यावरचं वेळापत्रक
लाल करून सोडलं,
त्याच गावाचं तोंड कोरडं पडलं
बोटभर नळीपुढे.

“मॅडम, तुमी तिकडं तोंड करा नं,”
इस्तारी दिघोरे म्हणाले.
मी धानाच्या बांध्यांकडे तोंड केलं.
मागे बराच वेळ काहीच नाही.
मग कुणीतरी चिंचेचं नाव घेतलं, सगळे हसले,
आणि नळ्या भरल्या.

उघडलेल्या तोंडात तीन बोटं उभी मावायला हवीत.
झिबलच्या तोंडात दीड मावलं.
वय सव्वीस.
“ठेचा झोंबते,” म्हणाला, “म्हणून सोडला.”
ठेचा सोडला. खर्रा नाही.

बर्फाच्या डब्यातून थुंकी भंडाऱ्याला, तिथून नागपूरला.
तिथं मी ती फिरवते, निवळ वर काढते,
शहाण्णव खळग्यांच्या ताटलीत थेंब थेंब रोवते.
रोवणीला वाकतात तशीच वाकते, पाठही तशीच धरते.
आधी निळं, मग आम्ल घातलं की पिवळं.
जितकं पिवळं, तितका आत आरडाओरडा.

कोणाचा आरडाओरडा, हे पारबता हटवारनं विचारलं होतं
पहिल्याच दिवशी, ठेल्यावर, पन्नीवर खर्रा घोटता घोटता.
म्हटलं, मावशी, मचाणीवर जागल करतात ना रात्री,
डुकराची चाहूल लागली की हाकारे देतात,
तसे जागले अंगातही असतात.
डुक्कर दिसायच्या आधी त्यांचे हाकारे थुंकीत उतरतात.
इंटरल्युकिन म्हणतात त्या हाकाऱ्यांना.

“आन् जागल्या निजला तं?”
निजत नाही. डुक्करच त्याच्याजवळ येऊन बसतं,
म्हणतं, घे गा, चिमूटभर.
तोंड भरल्यावर तो हाकारा देणार कसा?
त्या चिमटीलाही नाव आहे. तीही मोजतो आम्ही.
तिचा तळवा थांबला.
“माह्याच ठेल्यावरून नेली असंन,” म्हणाली,
आणि पुन्हा घोटू लागली.

ताटलीवर नावं नसतात.
एक्केचाळीस नंबर हळदीसारखा पिवळा आला.
पुन्हा लावला. पुन्हा तसाच.
सर म्हणाले, आकडा म्हणजे निकाल नव्हे,
हिरडी सुजली तरी जागले ओरडतात, दाढ किडली तरी.
कोणती आरोळी कशाची, हे अजून शिकतोच आहोत आपण.
यादी त्यांनी उघडली.
मला गरज नव्हती.
नळीच्या चिठ्ठीवर चुन्याचा पांढरा अंगठा होता.

“मी खात नाई बाप्पा, चव तेवढी पायतो.”
दर पुडीची चव.
दिवसाला ऐंशी पुड्या.

गेले. टॉर्च लावला.
गाल, जिभेखाली, टाळू, घशाची कमान.
गुलाबी, स्वच्छ.
पांढरा चट्टा नाही, लाल नाही, फोडही नाही.
“दिसलं काई?”
“नाही.”
“मंग?”

या “मंग?”चं उत्तर मला कुणी शिकवलं नव्हतं.
दिसायला लागल्यावर येतात ते मी पाहिलेत,
दुपट्ट्यानं गाल झाकून, पेजेवर आलेले,
तेव्हा टॉर्चही लागत नाही.
काहीच दिसत नाही त्या दिवशी पोचायचं होतं,
आणि पोचले होते,
आणि हातात दाखवायला काही नव्हतं.

“कोन्या वारी याचं?”
“गुरुवारी. मोठे डॉक्टर रंग लावून बघतील.”
“काई निंगालं नाई तं?”
“तर सहा महिन्यांनी परत.”
“मंजे थुंकतच राहाचं तुमच्या नळीत.”
“हो.”

गिऱ्हाईक ताटकळलं होतं.
पुडी घोटून झाली.
तिनं सवयीनं चिमूट उचलली, ओठापर्यंत नेली,
तशीच धरली,
मग हात त्याच्यापुढे केला:
“तूच पाय गा चव.”